म्युनिकहून एका दिवसात कीमझे: बायर्न तिकिटाचा माझा अनुभव

मुलगी म्युनिकला असल्यामुळे उन्हाळ्यात आमचं तिकडे जाणं होतं. त्यामुळे कराड-साताऱ्याकडचं कुणी मुलांकडे जर्मनीला निघालं की मला हमखास फोन येतो. एका दिवसात जाऊन येण्यासारखं तिथे काय आहे आणि ते बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या रेल्वेचं एका दिवसाचं तिकीट, काढावं का, असं विचारतात. तिकीट जरूर काढा. पण आधी ठिकाण ठरवून मग त्याला तिकीट जुळवत बसू नका. तिकिटाचा नियम नीट समजून घ्या आणि त्या नियमात बसणारं ठिकाण निवडा. माझ्या मते त्यात सगळ्यात चपखल बसतं ते कीमझे नावाचं तळं, त्यातली दोन बेटं आणि त्यातल्या एका बेटावरचा राजवाडा.

मी एसटीत होतो. कराड आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. गाडी किती वाजता सुटते, पुढची गाडी तिला मिळते का आणि शेवटची गाडी चुकली तर माणसाने काय करायचं, याच नजरेने मी कुठलाही प्रवास बघतो. खालचं सगळं त्याच नजरेने लिहिलं आहे.

आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास ज्यांनी वापरला असेल, त्यांना बायर्न तिकीट लगेच समजेल. आपला पास चार किंवा सात दिवसांचा असतो, हे तिकीट एका दिवसाचं. बव्हेरिया राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक रेल्वेगाड्या त्यात येतात. म्युनिक शहरातली एस-बान म्हणजे लोकल, यू-बान म्हणजे भुयारी रेल्वे, ट्राम आणि बसही त्याच तिकिटात. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. पहिल्या माणसाचे पैसे जास्त, पुढच्या प्रत्येकाचे त्यामानाने फार कमी. दर वाढत असतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या. पण एकट्याला तीस युरोच्या घरात आणि पुढच्या प्रत्येकाला दहाच्या आसपास असा हिशेब मनात धरला तरी पुरतो. आम्ही तिघं, म्हणजे मी, आमची मंडळी आणि विहीणबाई, मिळून पन्नास युरोच्या आगेमागे गेलो-आलो. तिघांची जाण्यायेण्याची सुटी तिकिटं काढली असती तर बरेच जास्त पैसे गेले असते. नात चार वर्षांची आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

मुलगी आणि जावईबापू यांची नावं आम्ही तिकिटावर घातली नाहीत. त्या दोघांकडे डॉइचलँड तिकीट आहे. हा महिन्याचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरोचा झाला. देशभरच्या प्रादेशिक गाड्या त्यात येतात. नोकरी करणाऱ्या मुलांकडे बहुधा हा पास असतोच, म्हणून आधी त्यांना विचारा. उगीच पाच जणांचं तिकीट काढाल आणि वीस युरो वाया जातील. तिकिटावर प्रत्येक प्रवाशाचं नाव लिहावं लागतं. स्थानकातल्या यंत्रावर छापील तिकीट काढलं तर नावं पेनने स्वतः लिहायची, मोबाइलवर काढलं तर तिथेच भरायची. फलाटावर जाताना कुणी अडवत नाही, फाटक नाही, पण गाडीत तपासनीस येतो आणि ओळखपत्र मागू शकतो. आपल्यासारख्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

आता मुख्य नियम. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ ला लागू होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ ला संपतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासूनच चालतं. म्हणजे कामाच्या दिवशी ८ वाजून ५५ मिनिटांची गाडी या तिकिटावर पकडता येत नाही. घरापासून स्टेशनपर्यंतची एस-बानसुद्धा ९ च्या आधी यात बसत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही. आम्ही मुलीच्या घरून ओस्टबानहोफला, म्हणजे पूर्वेकडच्या मोठ्या स्टेशनला, चालत जातो. कीमझेवरून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या मुख्य स्टेशनातून निघून तिथे थांबतात. मुख्य स्टेशनात गेली कित्येक वर्षं मोठं बांधकाम चालू आहे, वाटा वळवलेल्या आहेत. गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन तिथे फलाट शोधत फिरण्यापेक्षा ओस्टबानहोफ कितीतरी सोयीचं.

दुसरी गोष्ट गाड्यांची. या तिकिटावर आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. साल्झबुर्गच्या मार्गावर ऑस्ट्रियाची गडद लाल रेलजेटही धावते आणि तीही चालत नाही. ती दिसायला देखणी, जायला वेगवान आणि त्याच दिशेची, त्यामुळे मोह होतो. फलकावर गाडीच्या नावापुढे आरई, आरबी किंवा बीआरबी, म्हणजे प्रादेशिक गाडीची खूण, असेल तरच चढायचं.

आता ठिकाणाकडे येतो. म्युनिकला आलेला प्रत्येक जण नॉयश्वानस्टाइनचं नाव घेतो. डोंगरावरचा तो पांढरा राजवाडा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हिशेब मांडून बघा. कामाच्या दिवशी ९ नंतर निघायचं, त्याच्या जवळच्या फ्युसेन स्टेशनपर्यंत सुमारे दोन तास, तिथून बस, बसमधून उतरल्यावर अर्धा-पाऊण तासाची चढण आणि त्यातून आत जायची वेळ आधीच राखून ठेवलेली. गाडी थोडी जरी मागे पडली तरी पुढची साखळी तुटते आणि उरलेला दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो. तरुण मुलांनी शनिवारी पहाटे निघून खुशाल जावं. साठी-सत्तरीच्या माणसांना मी तिकडे पाठवत नाही.

प्रीन हे कीमझेच्या काठावरचं गाव म्युनिकपासून तासाभराच्या अंतरावर आहे. नऊनंतरची गाडी घेतली तरी साडेदहाच्या सुमाराला तुम्ही तिथे असता. गाडी साधारण दर तासाला आहे. एक चुकली तर दुसरी आहे, एवढ्या एका गोष्टीने वयस्क माणसाच्या जिवाला केवढा आराम मिळतो, ते मी नोकरीतली सगळी वर्षं बसस्थानकात बघत आलो आहे.

जाताना उजव्या हाताच्या खिडकीला बसा. रोझेनहाइम सोडलं की गाडी इन नदी ओलांडते, मग सिमझे नावाचं छोटं तळं लागतं आणि त्यापुढे आल्प्सची रांग उजवीकडे सोबत करते. डबे श्टाडलर कंपनीचे, फ्लर्ट जातीचे, दारांपाशी सपाट, आत पायऱ्या कमी. बाबागाडी आणि सायकलींसाठी मोकळी जागा, आणि प्रसाधनगृह फुकट. स्टेशनातल्या प्रसाधनगृहाला पैसे पडतात, म्हणून मी सगळ्यांना गाडीतच उरकून घ्यायला सांगतो. शनिवारी-रविवारी उन्हाळ्यात मात्र याच डब्यात सायकली, पोहायला निघालेली पोरं आणि डोंगर चढणारे असे सगळे एकदम भरतात. तुम्हाला दिवस निवडता येत असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. मुलांना सुट्टी नसते हे खरं, पण दोघं-तिघं ज्येष्ठ स्वतःहून जाऊ शकतील इतकी ही वाट सोपी आहे.

प्रीनला उतरल्यावर रेल्वे स्थानकाच्या शेजारूनच कीमझे-बान सुटते. ही गाडी बघायला मी पुन्हाही जाईन. १८८७ मध्ये सुरू झालेली मीटरगेज वाफेची ट्राम, प्रीनपासून श्टॉकच्या धक्क्यापर्यंत, दोन किलोमीटरच्याही आतली. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा १८८६ मध्ये वारला आणि त्याचा इथला राजवाडा लोकांसाठी खुला झाला. बघणाऱ्यांची एवढी रीघ लागली की स्टेशन ते धक्का ही सोय करावी लागली. इंजिनही त्याच १८८७ सालचं, म्युनिकच्या क्राउस कारखान्यात बनलेलं. लाडाचं नाव लाउरा. आपल्या डोळ्यांना सवय असलेल्या इंजिनासारखं ते दिसतच नाही. रस्त्याकडेने जायचं म्हणून सगळ्या बाजूंनी पत्र्याने झाकलेली चौकोनी पेटी, वर धुराडं. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा चालक हातात चिंध्या घेऊन पितळी भाग पुसत होता. पुसायचा, दाबाच्या काट्याकडे बघायचा, परत पुसायचा. गाडी सुटायला अवकाश होता तरी तो एकदाही गाडीपासून दूर गेला नाही. आमच्या आगारात असे दोन-तीन चालक होते; त्यांची गाडी वाटेत बंद पडल्याचं मला आठवत नाही.

डबे हिरवे, लाकडी बाकांचे. नात शिट्टी ऐकून कान धरून बसली आणि मग परत वाजव म्हणून मागे लागली. लक्षात ठेवा, ही ट्राम फक्त उन्हाळी हंगामात चालते आणि काही फेऱ्या डिझेल इंजिनवरही होतात. वाफेचंच इंजिन हवं असेल तर आधी चौकशी करून जा. बायर्न तिकिटात ही ट्राम आणि पुढची बोट येत नाहीत. दोन्हींचं मिळून एक तिकीट प्रीनलाच मिळतं, तेच घ्यावं. ट्रामच्या वेळा बोटीशी जुळवलेल्या आहेत. तुम्ही उतरून धक्क्यावर जाता आणि बोट लागलेली असते. तीन वेगवेगळी वाहनं अशी एकमेकांत गुंफलेली बघितली की वेळापत्रक आखणाऱ्या माणसाला मनापासून दाद द्यावीशी वाटते. दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटांचं अंतर राखायला किती डोकं लागतं, ते टेबलाच्या पलीकडे बसल्याशिवाय कळत नाही.

बोटीने पंधरा-वीस मिनिटांत हेरेनइन्झेल, म्हणजे मोठं बेट. तळं सुमारे ऐंशी चौरस किलोमीटरचं आहे, मध्यावर गेलं की समुद्रात आल्यासारखं वाटतं. बेटावर उतरल्याबरोबर राजवाड्याची तिकीट खिडकी आहे. आधी तिथे जा. राजवाडा स्वतःहून हिंडून बघता येत नाही, ठरलेल्या वेळेच्या गटातून मार्गदर्शकाबरोबरच आत जावं लागतं. इंग्रजीतले गट असतात. तिकिटावरची वेळ बघा आणि धक्क्यापासून राजवाड्यापर्यंत चालत वीस मिनिटं धरा. आमच्या मंडळींचा गुडघा बघता मी अर्धा तास धरला. रस्ता सपाट, झाडीतून जाणारा, बसायला बाकं. हंगामात घोडागाडीही असते.

राजवाड्याचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. लुडविगला फ्रान्सच्या चौदाव्या लुईबद्दल विलक्षण आदर, म्हणून व्हर्सायसारखा राजवाडा इथे बेटावर बांधायला घेतला. आरसेमहाल दोन्ही टोकांच्या दालनांसह ९८ मीटर लांब आहे. एका बाजूला सतरा खिडक्या आणि समोर तितकेच आरसे, वर झुंबरांच्या रांगा. जेवणाच्या खोलीत टेबल खालच्या मजल्यावर मांडून यंत्राने जमिनीतून वर आणायची योजना आहे, म्हणजे जेवताना नोकरचाकर समोर नकोत. एवढं सगळं करून राजा इथे राहिला जेमतेम दहा दिवस, सप्टेंबर १८८५ मध्ये. पैसे संपले, पुढच्या वर्षी तो गेला आणि काम थांबलं ते थांबलंच. शेवटी मार्गदर्शक उत्तरेकडच्या जिन्यापाशी नेतो. दक्षिणेच्या जिन्यावर संगमरवर, रंगीत गिलावा, चित्रं, काय नाही ते. आणि इथे नुसत्या उघड्या विटा. विहीणबाई त्या विटांच्या भिंतीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. त्यांचे यजमान गवंडीकामाचे ठेकेदार होते. विटांचा बांध बघून म्हणाल्या, “काम चोख आहे हो, गिलाव्याखाली झाकलं जाणार म्हणून कुठे हयगय केलेली नाही.” मला त्या सोनेरी खोल्यांपेक्षा हे निरीक्षण जास्त पटलं. आत फोटो काढू देत नाहीत. लुडविगचे राजवाडे २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात नॉयश्वानस्टाइन आहे तसा हाही आहे. त्यामुळे कीमझेला गेलो म्हणजे काही कमी बघितलं असं अजिबात नाही.

बहुतेक लोक राजवाडा बघून सरळ बोटीकडे वळतात. तसं करू नका. धक्क्याजवळच जुना मठ आहे, त्याला जुना राजवाडा म्हणतात. ऑगस्ट १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या राज्यांचे तज्ज्ञ या इमारतीत दोन आठवडे बसले आणि त्यांनी नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला. त्यावर पुढे काम होऊन २३ मे १९४९ रोजी त्यांची घटना जाहीर झाली. ज्या खोलीत ते बसले ती बघता येते. त्याच काळात दिल्लीत आपली घटना समिती काम करत होती. डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा समितीपुढे मांडला तो ४ नोव्हेंबर १९४८ रोजी. दोन देश, एक युद्धात उद्ध्वस्त झालेला आणि एक नुकताच गुलामीतून सुटलेला, एकाच वर्षी नागरिकाचे हक्क कागदावर उतरवत होते. मी त्या खोलीत बराच वेळ उभा राहिलो. मला विचाराल तर कीमझेला जायचं हे एकटं कारणही पुरेसं आहे.

तिथून बोटीने फ्राउएनइन्झेल, म्हणजे धाकटं बेट. बाराशे वर्षांहून जुना, ७८२ मध्ये स्थापन झालेला जोगिणींचा मठ, कांद्यासारख्या घुमटाचा वेगळा उभा मनोरा, घरांपुढे फुलबागा, आणि एकही मोटार नाही. रमतगमत फेरी मारली तरी अर्ध्या-पाऊण तासात बेट पालथं घालून होतं. मासे खाणाऱ्यांनी इथला धुरावलेला तळ्यातला मासा पावात घालून खावा. जावईबापूंनी दोन खाल्ले, यावरून काय ते समजा. शाकाहारी माणसाची पंचाईत होते, पण उपाशी राहावं लागत नाही. केझेश्पेट्झले म्हणून चीजमधल्या शेवयांसारखा गरम पदार्थ मिळतो, शिवाय ब्रेत्सेल असतात आणि सफरचंदाचा श्ट्रूडेल असतो. तरी आमच्या मंडळींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मोरंबा बांधून घेतला होता. तळ्याकाठच्या बाकावर बसून तेच खाल्लं. कुणी काही म्हणत नाही, फक्त कचरा जागच्या जागी टाकायचा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली फेकू नका, दुकानातल्या यंत्रात परत दिली की पैसे मिळतात.

परतीचा हिशेब सकाळीच करायचा. आगारात फेऱ्या आखताना मी नेहमी शेवटच्या फेरीपासून सुरुवात करायचो, कारण सकाळच्या फेरीला चुकलेला माणूस दुपारी तरी पोहोचतो, संध्याकाळी चुकलेला रात्रभर स्थानकात बसतो. इथेही तसंच करा. आधी धाकट्या बेटावरून शेवटची बोट किती वाजता आहे ते बघा आणि तिच्या आधीच्या बोटीने निघायचं ठरवा. मग श्टॉकहून ट्रामची शेवटची फेरी. ती बोटींच्या मानाने लवकर संपते; चुकली तर प्रीन स्टेशनपर्यंत अर्धा तास सपाट रस्त्याने चालावं लागतं. त्यापुढे काळजी नाही, कारण म्युनिककडची गाडी उशिरापर्यंत मिळते आणि तिकीट तर पहाटे ३ पर्यंत चालतं. तळ्याकाठी सूर्य मावळेपर्यंत थांबलात तरी पैसे वाढत नाहीत. तिकिटाचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. ठराविक गाडीचं स्वस्त तिकीट काढलं की माणूस त्या गाडीला बांधला जातो, इथे तो मोकळा राहतो.

तक्रारीची जागा एकच आणि ती गंभीर आहे. सुट्टीच्या दिवशी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. त्याला तिकडे एसईव्ही म्हणतात. तिकीट तेच चालतं, पण बस स्टेशनच्या नेमक्या कुठल्या बाजूला लागते ते शोधावं लागतं आणि वेळ दीडपट-दुप्पट होतो. एका परतीच्या प्रवासात आमची गाडी मधल्याच स्टेशनात थांबली आणि सूचना फक्त जर्मनमध्ये झाली. जावईबापू बरोबर होते म्हणून निभावलं. भाषा न येणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? आपल्याकडे स्थानकात नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन विचारता तरी येतं. तिकडे लहान स्टेशनात माणूसच नसतो, नुसती यंत्रं. म्हणून आदल्या रात्री मुलांकडून मोबाइलवर त्या दिवसाच्या गाड्या तपासून घ्या, आणि परतीच्या तीन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद राहतो.

पाऊस असेल त्या दिवशी जाऊ नका. राजवाडा बघून होईल, पण बोट आणि धाकटं बेट यांची सगळी गंमत उघड्यावरची आहे. थंडीत गेलात तर राजवाडा उघडा असतो, बोटीही चालू असतात, पण फेऱ्या कमी, ट्राम बंद आणि राजवाड्यापर्यंतची वाट गारठ्यातून चालायची. मे अखेर ते सप्टेंबर मधला, स्वच्छ उन्हाचा आणि कामाचा दिवस निवडा. आणि ओस्टबानहोफवरून ९ वाजून गेल्यावर सुटणारी पहिली आरई गाडी पकडा.